तात्यांनी व्हॅलेन्सियाला नेलेलं भांडण

तात्या कुठेही गेले की त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, "इथं पाणी कुठनं येतं?" लग्नाला गेले तरी हाच, दवाखान्यात कुणाला बघायला गेले तरी हाच. नवा माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात आणि आडनावावरून पुढचा अंदाज बांधतात. तात्यांना त्यात रस नव्हता. माणसाच्या गावाला पाणी कुठून येतं ते कळलं की त्यांना तो माणूस कळल्यासारखा वाटायचा.

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या शाळेच्या पालकसभेत. मी स्पॅनिश शिकवते. मंचर-नारायणगाव पट्ट्यात स्पॅनिश शिकवणारी बाई म्हटल्यावर लोक आधी हसतात आणि मग "पगार देतात ना वेळेवर?" असं काळजीनं विचारतात. महाळुंगे पडवळला माझी आई तर अजूनही शेजारणींना "पोरगी इंग्लिश शिकवते" असंच सांगते, म्हणजे पुढचं समजावत बसायला नको. पण आमच्या संस्थाचालकांच्या डोक्यात 'जागतिक नागरिक' शिरला होता आणि त्यापायी दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांची व्हॅलेन्सियाची सहल ठरली. व्हॅलेन्सिया हे स्पेनमधलं समुद्रकाठचं शहर. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारनंतर शहर बघायचं आणि मुक्काम तिथल्या कुटुंबांत, दोन-दोन मुलांनी.

सभेत पालकांनी अपेक्षित तेच विचारलं. शाकाहाराचं काय, थंडी किती, फोन रोज लागेल ना. मग मागच्या रांगेतून पांढरी टोपी घातलेले एक उंच गृहस्थ उठले.

"बाई, तितं पाणी कुठनं येतं?"

"नळाला येतं की," मी म्हणाले.

"नळाला समदीकडंच येतं. नळाला कुठनं येतं?"

मला माहीत नव्हतं. स्पॅनिशची सगळी क्रियापदं मला येत होती, पण त्या शहराला पाणी कुठून येतं हे मी कधी वाचलेलं नव्हतं. सभा संपल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बगू तितं जाऊन. तुमच्या गावाला कुठनं येतं?" मी सांगितलं, आता कालव्याचं आहे, घरात नळ आहे. पण आजोबांच्या लहानपणी आमच्या लोकांना गावच्या आडावर जाऊ देत नसत, नदीच्या वाळूत झरा खणून पाणी आणायचे. पुढे छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला. हे ऐकून लोक एकतर विषय बदलतात किंवा "आता तसं काही राहिलं नाही" म्हणतात. तात्या म्हणाले, "म्हंजी पाणी व्हतं. माणसं आडवी आलती." त्या दिवसापासून हा माणूस मला आवडला.

सहलीबरोबर एक पालक प्रतिनिधी न्यायचा असा नियम होता आणि तात्यांची निवड बिनविरोध झाली, कारण दुसरं कुणी रिकामं नव्हतं. ऑक्टोबरात आमच्याकडे द्राक्षाची छाटणी असते. त्या दिवसांत बागायतदाराला स्वर्गाचं तिकीट दिलंत तरी तो "पंधरा दिवसांनी येतो" म्हणेल. तात्यांना मात्र बाग नव्हती. कांद्याची रोपं टाकून झाली होती, बाकीचं बघायला घरच्या बाई खमक्या होत्या. मुलगा संकेत नववीतच होता. म्हणून हा निमगाव साव्याचा शेतकरी आमच्याबरोबर विमानात बसला, टोपी, धोतर आणि वरून मुलाचं जॅकेट अशा थाटात.

त्यांना बाग का नव्हती हे मला निघण्याआधीच कळलं होतं. अशा गोष्टी आमच्या भागात विचाराव्या लागत नाहीत, चहाबरोबर आपोआप येतात. तात्या आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना यांची विहीर सामाईक. आठवड्यातले वार वाटून घेतलेले, या वारी याची मोटर, त्या वारी त्याची. सहा वर्षांपूर्वी द्राक्षाचे मणी भरायच्या ऐन दिवसांत डीपी जळाली आणि वीज गेली. ती गेली तात्यांच्या वारांना आणि आली नानांच्या वाराला. वीज नव्हती तर वार कुणाचा बुडाला, हा प्रश्न आमच्याकडे अजून कोर्टालाही सुटलेला नसेल. तात्यांनी पहाटे जाऊन मोटर चालू केली. नाना आले, त्यांनी फ्यूज उपसून खिशात घातले आणि घरी निघून गेले. तात्यांचा संताप असा की त्यांनी उरलेलं पीक वाचवायचं सोडून बागेवरच कुऱ्हाड चालवली. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, ते हेच. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. विहीर तीच, वार तेच, बांध तोच, फक्त तोंडं बंद.

आणि आमच्या सहलीत नानांची मुलगी हर्षदा होती. माझ्या वर्गातली सर्वांत हुशार विद्यार्थिनी. स्पॅनिश अशी बोलायची की ऐकताना मला माझ्याच शिकवण्याचा अभिमान वाटायचा, खरं तर त्यात माझा वाटा थोडाच होता. तिला आईनं विमानतळावरच बजावलं होतं, "चुलत्याच्या हातचं काय घ्यायचं नाय." पोरगी आईची आज्ञा शब्दशः पाळणारी. तात्यांना हाक मारायची वेळ आली की ती "पालक प्रतिनिधी" म्हणायची. "पालक प्रतिनिधींना सांगा, बस आली." "पालक प्रतिनिधींची टोपी राहिली." सख्ख्या चुलत्याला असं पदानं बोलावणारी पुतणी मी दुसरी पाहिली नाही. तात्याही काही कमी नव्हते. मुलं बसमध्ये चढली की ते एकेकाचं नाव घेत आणि तिच्यापाशी आले की माझ्याकडे वळून म्हणत, "ती आली का, ती खिडकीतली?" ती त्यांच्यासमोर उभी असायची.

व्हॅलेन्सियात पहिल्याच दिवशी तात्यांना नदी बघायची होती. मी त्यांना घेऊन गेले तर नदीच्या पात्रात बाग. झाडं, फुटबॉलची मैदानं, पळणारी माणसं, सायकली, पूल जागच्या जागी आणि खाली पाण्याचा थेंब नाही. मी माहिती काढून ठेवली होती, आता अज्ञानी राहायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून सांगितलं की पूर्वी मोठा पूर आला, शहर बुडालं, म्हणून लोकांनी नदीच शहराबाहेरून वळवली. तात्या पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिले.

"नदी हलवली?"

"हो."

"आख्खी?"

"हो, आख्खी."

"आन आमाला विहिरीवरचा पाइप हलवता येईना," असं म्हणून ते चालू लागले.

तात्यांचा मुक्काम एका आजींकडे होता. आजींना मराठी येत नव्हतं, तात्यांना स्पॅनिश येत नव्हतं आणि दोघांचं छान चाललं होतं. रोज सकाळी आजी त्यांना टोमॅटो किसून लावलेला पाव देत आणि तात्या तो खाऊन "लई झ्याक" म्हणत. तिसऱ्या दिवशी आजी मला म्हणाल्या की तुमच्या पाहुण्यांना 'लई झ्याक' हा पदार्थ फार आवडतो, आणखी कशाकशाला तो लावतात? जेवणात मात्र तात्यांनी स्वतःची पद्धत सोडली नाही. घरधनीण बसल्याशिवाय ते घास उचलत नसत, आणि आजी त्यांनी सुरुवात करावी म्हणून थांबत. दोघं एकमेकांकडे बघत बसायचे आणि भात गार व्हायचा. शेवटी त्यांच्याकडेच राहणाऱ्या संकेतनं दोघांच्या ताटांत एकदमच चमचे ठेवायची युक्ती काढली.

मंडईत त्यांनी मला चांगलंच अडचणीत आणलं. टोमॅटोचा ढीग दिसल्यावर नारायणगावच्या बाजाराचा माणूस गप्प कसा बसणार? त्यांनी एक उचलला, दाबला, देठाकडून वास घेतला, दुसरा उचलला. दुकानदारीण अशी काही कडाडली की शेजारचे मासे विकणारेही बघायला लागले. तिथे मालाला गिऱ्हाईकानं हात लावायचा नसतो. मी माफी मागितली. तात्या मात्र तिच्या रागावर खूश झाले. "तिचं बराबर हाय," म्हणाले. "आमच्याकडं दहा जन दाबून जात्यात आन अकरावा म्हनतो माल मऊ हाय."

पण त्यांना खरा धक्का बसला तो शहराबाहेरच्या शेतांत. तिथे थंडगार, गोडसर, दुधासारखं एक पेय मिळतं. मुलांनी ते ढोसलं, तात्यांनीही दोन पेले घेतले. मग आम्हाला ते ज्या पिकापासून करतात त्याचं शेत दाखवायला नेलं. पाटाच्या कडेला सरळ सऱ्या, निगुतीनं काढलेल्या, आणि त्यांत पीक. तात्या वाकले, एक गड्डा उपटला, मुळाशी असलेल्या गाठी बघितल्या आणि जागीच बसले.

"बाई, हा तर लव्हाळा!"

अगदी लव्हाळाच नव्हता, पण त्याचा सख्खा भाऊ होता हे खरं. ज्या गवताच्या गाठी खणून खणून आमच्याकडच्या बायकांच्या पाठी वाकल्या, त्याला इथे खत घालून, पाटानं पाणी देऊन वाढवतात, आणि दूध काढून पितात. तात्यांनी ते शेत सगळं चालून पाहिलं. "माझ्या आयनं जल्मभर ह्ये उपटलं," ते म्हणाले. "तिला सांगाया पायजे व्हतं." आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. 

त्या पाटाच्या पाण्यापाशीच त्यांना ती गोष्ट कळली. शेत दाखवणारा तरुण सांगत होता की हे पाट शेकडो वर्षांचे आहेत, पाणी शेतकऱ्यांनी आपसात वाटून घेतलेलं असतं, आणि त्यावरून भांडण झालं तर दर गुरुवारी दुपारी शहरातल्या मोठ्या चर्चच्या दारात शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच बसतात. तोंडी ऐकतात, तोंडीच निकाल देतात. वकील नाही, कागद नाही. मी हे मराठीत सांगितलं आणि तात्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, हे आपण सांगायला नको होतं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "आज वार कोनता?"

गुरुवारी मुलांच्या आधी तात्या तयार. धोतर स्वच्छ, टोपी इस्त्रीची. इस्त्री आजींनी केली होती. चर्चच्या दारात कठड्याच्या आत लाकडी खुर्च्या गोलात मांडलेल्या, बाहेर पर्यटकांची गर्दी, सगळ्यांचे फोन वर. बाराचे टोल पडले आणि काळे झगे घातलेले पंच येऊन बसले. हात बघितले की कळत होतं, माणसं शेतातली आहेत. मग पट्टेवाल्यानं एकेका पाटाचं नाव पुकारायला सुरुवात केली, अमुक पाटाची कुणाची तक्रार? ते लोक तिथल्या आपल्या भाषेत बोलतात, स्पॅनिशमध्ये नाही, त्यामुळे मलाही अर्धं समजत होतं. एकेका नावानंतर शांतता. कुणाची तक्रार नव्हती. बहुतेक वेळा नसतेच म्हणे, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपतं.

शेवटचं नाव पुकारून झालं. पुन्हा शांतता. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "आमची एक हाय."

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ते कठड्याला छाती लावून उभे होते. गर्दीला वाटलं काही गंमत चालली आहे. लोक हसले, फोन तात्यांकडे वळले. संकेत लाजेनं माझ्या पाठीमागे गेला. मला तर भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पट्टेवाला हसला, हातानं 'नाही, नाही' अशी खूण केली, पंच उठले, गर्दी पांगली. तात्या हलले नाहीत.

दहा मिनिटांनी पंचांपैकी एक म्हातारा झगा काढून, स्वेटर घालून बाहेर आला. हा धोतरातला माणूस अजून उभाच आहे हे बघून तो थांबला आणि मला स्पॅनिशमध्ये विचारलं, यांना काय हवंय? मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तात्यांनी मला थांबवलं.

"बाई, तुमी नगं. ती सांगंल."

'ती' म्हणजे हर्षदा. मी म्हटलं, "तात्या, अहो तिच्या वडिलांविरुद्धची तक्रार तिच्याच तोंडून?"

"म्हनूनच. तुमच्याम्होरं मी काय बी रेटून बोलंन. तिच्याम्होरं खोटं बोलता न्हाई यायचं."

हर्षदा पुढे आली. चेहरा लाल झालेला. सगळ्या सहलीत ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलली, "तुम्ही सांगा. मी जसंच्या तसं सांगते."

तात्यांनी सांगितलं. डीपी, बुडालेले वार, भरत आलेले मणी, पहाटेची मोटर, खिशात गेलेले फ्यूज. बागेवर आपण स्वतः कुऱ्हाड चालवली हेही त्यांनी सांगितलं, जे ते एरवी सांगत नसत. हर्षदा एकेक वाक्य उचलून त्या म्हाताऱ्यापुढे ठेवत होती. एकाही शब्दात तिनं कमी-जास्त केलं नाही, मी ऐकत होते. सांगून झालं. म्हातारा मान हलवत होता. तेव्हा हर्षदा म्हणाली, "आता आमची बाजू." आणि ती आधी मराठीत बोलली, तात्यांकडे बघून.

"त्या दिवशी पप्पा पहाटे विहिरीवर तुम्हाला सांगायलाच आले होते. आजचा माझा वार तू घे, तुझी बाग वाळंल, असं. येऊन बघतात तर मोटर आधीच चालू. तुम्ही विचारलंच नाही."

"कोन म्हनतं?"

"आई म्हणते. पप्पा काहीच म्हणत नाहीत. ते नुसतं एवढंच म्हणतात, इचारलं असतं तर दिलं असतं."

मग तिनं तेच स्पॅनिशमध्ये सांगितलं. 

म्हाताऱ्यानं विचारलं, "तो दुसरा कुठे आहे?"

"घरी. भारतात."

"जिवंत आहे?"

"हो."

"मग हे माझ्यापुढे कशाला उभे आहेत?" म्हातारा म्हणाला. "समोरचा हजर नसला तर आम्ही ऐकत नाही. आमच्याकडे तसा रिवाज नाही."

हर्षदानं हे तात्यांना सांगितलं. तात्या दोन वेळा मान हलवून "बराबर हाय" म्हणाले. म्हाताऱ्यानं खिशातून एक छोटं संत्रं काढून त्यांच्या हातावर ठेवलं, आपल्याच बागेतलं आहे म्हणाला, आणि मग कितीतरी वेळ ते दोघं संत्र्याच्या कलमांविषयी बोलत राहिले. मधे दुभाषी हर्षदा. 'कलम' या शब्दापाशी ती अडली आणि तिनं बोटानं बोट कापल्याची खूण केली. दोघांनाही कळलं.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. मुलं पाण्यात, तात्या वाळूवर एकटे, टोपी गुडघ्यावर. त्या माणसाला सहा वर्षं वाटत होतं की भावानं आपला घात केला. आता कळलं होतं की भाऊ द्यायलाच आला होता आणि आपण वाट न बघता, न विचारता हात घातला. हे असं परमुलखात, परक्या माणसादेखत कळणं सोपं नाही. मी जवळ जाणार होते, पण त्याआधी हर्षदा गेली. पायांतल्या चपला काढून तिनं त्यांच्यापुढे धरल्या. "तात्या, ह्या धरा, मी पाण्यात जाऊन येते." त्यांनी चपला घेतल्या आणि ती येईपर्यंत दोन्ही हातांत धरून बसले. वाळूवर ठेवल्या असत्या तरी चाललं असतं.

परत आल्यावर मुंबईहून बस माळशेज घाटानं आली आणि दुपारी शाळेच्या फाटकात थांबली. पालक गोळा झालेले. नाना आपल्या पिकअपला टेकून, सगळ्यांपासून जरा लांब उभे. तात्या बसमधून उतरले. समोर त्यांची बायको उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं न पाहिलं आणि ते सरळ नानांकडे चालत गेले. फाटकातली सगळी बोलणी बंद झाली. दोन्ही घरांची माणसं जवळ सरकली, वेळ आलीच तर सोडवायला.

"नाना," तात्या म्हणाले, "उद्या तुझा वार हाय. दोन तास माझी मोटर लावू का?"

पाऊस नुकता संपलेला. ओढे वाहत होते, विहीर काठोकाठ होती. त्या दिवसांत आमच्याकडे पाणी कुणी मागत नाही. नानांनी तात्यांकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"विहीर तुडुंब हाय. आता कशाला पायजे पाणी?"

"पायजे म्हनून न्हाई. इचारतोय."

 नानांनी हर्षदाची बॅग उचलून पिकअपमध्ये टाकली, ती परत काढून नीट ठेवली, आणि पाठमोरेच म्हणाले, "घे." एवढंच. गळामिठी नाही, रडारड नाही. रडले ती मी, फाटकाच्या आडोशाला, आणि शिपायानं विचारलं तेव्हा प्रवासाचा शीण आहे म्हणून सांगितलं.

त्यानंतर तात्यांनी एक नवीनच खूळ धरलं. मोटर चालू करायच्या आधी ते नानांना फोन करत, आणि तेही स्वतःच्या वाराला. "नाना, लावू का?" नाना "लाव" म्हणत. नानांनी एकदा शाळेत येऊन माझ्याकडे तक्रार केली, "बाई, काय शिकवून आनलं त्याला? सोताच्याच वाराला इचारतोय. मला बी मग इचारावं लागतं, न्हाई तर बरं दिसत न्हाई." तक्रार करताना त्यांना हसू आवरत नव्हतं. गावातल्या लोकांनीही थट्टा केली, पावणं फॉरेनला जाऊन आलं तवापासून भावाच्या परवानगीनं पाणी पितंय. तात्यांवर काही परिणाम झाला नाही. उलट कुणाचं विहिरीवरून, बांधावरून वाजलं आणि एक जण त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन आला, की ते ऐकूनच घेत नसत. "दुसऱ्याला घिऊन ये," म्हणत, आणि चहा पाजून परत लावून देत.

मीही त्यांच्याकडून तेवढं उचललं. वर्गात दोघांचं भांडण झालं आणि एकटा येऊन सांगायला लागला की मी वही खाली ठेवते आणि दुसऱ्याला बोलावून आणायला सांगते. निम्मी भांडणं त्या दुसऱ्याला शोधायला जाण्यातच मिटतात. हे बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

तात्या गेल्या वर्षी गेले. कांदा काढणी चालू होती, वावरात उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि मंचरला नेईपर्यंत सगळं संपलं. मी दहाव्याला गेले. नदीवरचे विधी आटोपून माणसं घरी आली, पुण्याला शिकायला असलेली हर्षदा आली होती, संकेत डोकं भादरून बसला होता. मी निघाले तेव्हा नाना मोटरच्या शेडपाशी उभे दिसले. हात खटक्याजवळ, पण चालू करत नव्हते. मी जवळ गेले.

"वार माझाच हाय, बाई," ते म्हणाले. "दहा दिवस झाले, पाणी दिलं न्हाई. पीक सुकाया लागलंय. पन हात उचलंना. आता इचारू कुनाला?"

  आमच्या मागे अंगणात तात्यांच्या पत्नी भांडी घासत होत्या. दहा दिवस कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. त्यांनी राखेचे हात तसेच ठेवून मान वर केली.

"भावजी, मला इचारा की."

नाना वळले. त्यांनी टोपी काढली.

"वैनी, मोटर लावू का?"

"लावा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या.